नझरबायेव्ह: भट्टीवरचा कामगार, तीस वर्षांचा सत्ताधीश आणि पाडलेला पुतळा

प्रश्न अकोल्याच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी कझाकस्तानात सेमेई शहरात एमबीबीएस शिकते. वर्गात एका प्राध्यापकांनी देशाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांचे भरभरून कौतुक केले, आणि त्याच संध्याकाळी होस्टेलमधल्या कझाक मैत्रिणीने ते नाव काढताच तोंड वाकडे केले. ताई विचारतात, "हे नझरबायेव्ह नेमके कोण? साधा कामगार एवढा वर कसा गेला? आणि देश उभा केला म्हणतात, तर मग लोकांनी त्यांचा पुतळा का पाडला?"

ताई, प्राध्यापक खोटे बोलले नाहीत आणि मैत्रीणही नाही. प्राध्यापकांनी १९९३ पाहिले आहे, मैत्रिणीने २०२२ पाहिले. बराचसा फरक तिथेच आहे.

मी धातुशास्त्राचा माणूस. कामानिमित्त बरीच वर्षे कारागांदा-तेमिरताउ भागात राहिलो. राजकारण हा माझा विषय नव्हे, पण तेमिरताउत राहून नझरबायेव्ह हा विषय टाळता येत नाही, कारण ते त्याच कारखान्यातून वर गेले. माझे मत आधीच सांगून टाकतो. ते क्रांतिकारक नव्हते आणि मोठे विचारवंतही नव्हते. ते मुळात सोव्हिएत कारखान्यातल्या पक्षसमितीचे सेक्रेटरी होते. वरून आलेले टार्गेट, खालून आलेली तक्रार आणि मधली आपली खुर्ची, हे तिन्ही एका वेळी सांभाळायचे कसब त्यांच्याकडे होते. देश त्यांनी तसाच चालवला. चांगले झाले ते या कसबामुळे, आणि शेवट बिघडला तोही त्याच्यामुळेच.

नुरसुल्तान नझरबायेव्ह यांचा जन्म ६ जुलै १९४० चा, अल्माटीजवळ अलाताउ पर्वताच्या पायथ्याला असलेल्या चेमोल्गान गावचा. वडील आबिश, आई अल्झान, घर मेंढपाळाचे. त्यांच्या जन्माआधीची दहा वर्षे समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. १९३० नंतर स्टालिनच्या राजवटीने भटक्या कझाकांची जनावरे सामूहिक शेतीत ओढून नेली. ज्यांचे सगळे जगणे जनावरांवर, त्यांची जनावरेच गेली. दुष्काळात सुमारे पंधरा लाख माणसे मेली, त्यांत बहुतेक कझाक. कित्येक लाख चीनकडे आणि शेजारच्या प्रदेशांत निघून गेले. पुढे पडीक जमीन नांगरायला रशिया-युक्रेनमधून लाखो लोक आणले गेले, त्याआधी जर्मन, चेचेन, कोरियन यांना हद्दपार करून इथेच आणून टाकले होते. परिणाम असा की १९५९ च्या जनगणनेत कझाक आपल्याच प्रजासत्ताकात जेमतेम तीस टक्के उरले. अशा घरात वाढलेले मूल डोके वर काढण्याआधी चार वेळा आजूबाजूला बघते. नझरबायेव्ह आयुष्यभर तसेच बघत राहिले.

१९५८ मध्ये तेमिरताउत नवा पोलाद कारखाना उभा राहत होता आणि तरुण मुलांना बोलावणे होते. अठरा वर्षांचे नझरबायेव्ह गेले. आधी त्यांना युक्रेनमधल्या द्नेप्रोद्झेर्झिन्स्कला प्रशिक्षणासाठी पाठवले. ते तिकडे शिकत होते त्याच काळात, ऑगस्ट १९५९ मध्ये, तेमिरताउत बांधकामावरच्या तरुण कामगारांनी दंगा केला. तंबूत राहणे, पाण्याचे हाल, निकृष्ट जेवण. सैन्याने गोळीबार केला, डझनाहून अधिक मेले. ही हकीकत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जुलै १९६० मध्ये पहिल्या झोतभट्टीतून पहिले लोखंड निघाले तेव्हा ते भट्टीच्या तुकडीत होते. हे काम काय असते ते सांगतो, कारण त्यांच्या चरित्रकारांनी त्याची कविता करून टाकली आहे. भट्टीच्या तळाशी मातीने बुजवलेले एक भोक असते. ठरल्या वेळी ते ड्रिलने, अडले तर ऑक्सिजनच्या नळीने जाळून उघडायचे. चौदाशे-पंधराशे अंशांचा रस पाटातून वाहू लागला की धातुमळी बाजूला वळवायची, पाट कुठे फुटत नाही ना ते बघायचे, आणि शेवटी दाबाने माती मारून भोक पुन्हा बंद करायचे. तोंड भाजत असते आणि हिवाळ्यात पाठीवर उणे तीस अंशांचे वारे असते. घामाने अंगातले मीठ जाते म्हणून सोव्हिएत कारखान्यांत भट्टीवाल्यांना मीठ घातलेला सोडा प्यायला देत. भोक घाईने उघडले तर रस नीट निघत नाही, उशीर केला तर तो आत वर चढतो आणि हवेच्या नळ्यांपर्यंत पोचतो, मग भट्टीचेच नुकसान. नझरबायेव्ह यांचे राजकारण मला नेहमी या भट्टीसारखे वाटत आले: कधी उघडायचे आणि कधी माती मारायची हे त्यांना अचूक कळे. शेवटची एक वेळ सोडून.

तिथेच त्यांना सारा भेटल्या, त्याही कारखान्यात कामाला होत्या. लग्न १९६२ चे. पक्षाचे सदस्यत्वही त्याच सुमाराचे. काम करता करता ते इंजिनियर झाले, मग भट्टी सोडून पूर्णवेळ पक्षकार्यात गेले. १९७३ मध्ये ते अख्ख्या कारखान्याच्या पक्षसमितीचे सेक्रेटरी झाले. बाहेरच्या माणसाला हे पद किरकोळ वाटते. प्रत्यक्षात तीस-चाळीस हजार माणसांचे घर, पाळणाघर, कोळशाचा पुरवठा, दारूच्या भानगडी आणि मॉस्कोला पाठवायचे आकडे, हे सगळे त्या टेबलावर येई. जुने रशियन फोरमन सांगत, की माणूस वर भांडायला घाबरत नसे, पण भांडण जिंकता येईल एवढीच फाइल घेऊन जाई.

तिथून कारागांदा, मग राजधानी अल्माटी, आणि १९८४ मध्ये वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी कझाक प्रजासत्ताकाच्या मंत्रिमंडळाचे अध्यक्ष, म्हणजे पंतप्रधानच म्हणा. सोव्हिएत संघातल्या प्रजासत्ताकांच्या पंतप्रधानांत सर्वांत तरुण. त्यांना वर आणणारे होते दिनमुखामेद कुनायेव्ह, कझाकस्तानच्या कम्युनिस्ट पक्षाचे प्रमुख आणि सोव्हिएत सर्वेसर्वा ब्रेझनेव्हचे खास मित्र. त्यांची सद्दी दोन दशकांहून जास्त. पण १९८५ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्ह आले आणि वारे फिरले. फेब्रुवारी १९८६ मध्ये पक्षाच्या अधिवेशनात नझरबायेव्ह उभे राहिले आणि विज्ञान अकादमीच्या कारभारावर त्यांनी जाहीर टीका केली. अकादमीचे अध्यक्ष होते आस्कर कुनायेव्ह, साहेबांचे सख्खे भाऊ. सभागृहात बसलेल्या प्रत्येकाला बाण कुणाला लागला ते कळले. ज्यांनी हाताला धरून वर आणले त्यांच्यावर असे उलटणे थोरल्या कुनायेव्हना कायमचे झोंबले.

डिसेंबर १९८६ मध्ये कुनायेव्ह यांचे पद गेले. मात्र त्यांच्या जागी नझरबायेव्ह आले नाहीत. मॉस्कोने गेन्नादी कोल्बिन नावाचा रशियातला अधिकारी आणून बसवला, ज्याचा कझाकस्तानशी काही संबंध नव्हता. दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, अल्माटीच्या चौकात हजारो कझाक विद्यार्थी जमले. थंडीत त्यांच्यावर पाण्याचे फवारे सोडले, फावड्यांनी आणि दंडुक्यांनी मारले, शेकडोंना कॉलेजातून काढले, तुरुंगात टाकले. 'झेलतोक्सान', म्हणजे डिसेंबर, एवढाच शब्द आजही पुरतो. नझरबायेव्ह तेव्हा पंतप्रधान होते, म्हणजे सरकारच्या बाजूला. नंतर त्यांनी लिहिले की आपण मोर्चाबरोबर चाललो. चौकात असलेल्या अनेकांना हे मान्य नाही. मला विचाराल तर त्यांनी त्या दोन दिवसांत कुणाचीच बाजू शेवटपर्यंत धरली नाही, आणि म्हणूनच ते टिकले. जून १९८९ मध्ये कोल्बिन यांना मॉस्कोने परत बोलावले आणि पक्षप्रमुखपद अखेर नझरबायेव्ह यांच्याकडे आले. एप्रिल १९९० मध्ये प्रजासत्ताकाच्या संसदेने त्यांना राष्ट्राध्यक्ष निवडले.

आता एक गोष्ट आपल्याकडे फारशी माहीत नसते. 'स्वातंत्र्याचे शिल्पकार' म्हणून ज्यांचे पुतळे उभे राहिले, त्यांना सोव्हिएत संघ मोडायला नकोच होता. १९९१ मध्ये गोर्बाचेव्ह नव्या करारानुसार जो सुधारलेला संघ घडवू पाहत होते, त्याच्या पंतप्रधानपदासाठी नझरबायेव्ह यांचेच नाव पुढे होते. ऑगस्टमधल्या बंडाने तो करार बुडाला. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी जंगलातल्या एका विश्रामगृहात बसून संघ संपल्याचे जाहीर केले. रशियाचे नेते येल्त्सिन यांनी फोन करून नझरबायेव्ह यांनाही बोलावले, ते गेले नाहीत. सगळी प्रजासत्ताके बाहेर पडून झाल्यावर कझाकस्तानने १६ डिसेंबरला स्वातंत्र्य जाहीर केले, सर्वांत शेवटी. आणि तरीही २१ डिसेंबरला अकरा प्रजासत्ताकांचे नेते संघ संपल्याच्या जाहीरनाम्यावर सही करायला जमले ते अल्माटीलाच. तिघांनी बाकीच्यांना वगळून घेतलेल्या निर्णयाला त्यांनी दोन आठवड्यांच्या आत सगळ्यांचा निर्णय बनवले, आणि तोही आपल्या घरी. सोव्हिएत व्यवस्थापकाची ही खरी कमाल.

उशीर करण्याला कारण होते. १९८९ च्या जनगणनेत कझाक चाळीस टक्के आणि रशियन अडतीस टक्के होते. उत्तरेकडचे पट्टेच्या पट्टे रशियन वस्तीचे, रशियाशी सरहद्द सात हजार किलोमीटरहून लांब, आणि उत्तर कझाकस्तान रशियाला जोडा असे रशियातले नामांकित लोक उघड लिहीत होते. घाईने झेंडा फडकवला असता तर युगोस्लाव्हियासारखे झाले असते, असे तिथले रशियनही सांगतात. तसे काही झाले नाही. जर्मन आणि रशियन लाखोंनी निघून गेले हे खरे, पण बंदूक चालली नाही. ज्या देशाच्या दक्षिणेला ताजिकिस्तान यादवीत जळत होता, त्याने हे साधले याचे श्रेय त्यांना द्यावेच लागते.

ताईंची मुलगी सेमेईत राहते, म्हणून अण्वस्त्रांचे प्रकरण जरा सविस्तर. सेमेईचे जुने नाव सेमिपालातिन्स्क. शहरापासून दीडशे किलोमीटरवर सोव्हिएत संघाचे अणुचाचणी क्षेत्र होते. २९ ऑगस्ट १९४९ ला तिथे पहिला सोव्हिएत अणुबॉम्ब फुटला आणि १९८९ पर्यंत एकूण ४५६ चाचण्या झाल्या, त्यांतल्या शंभराहून जास्त उघड्यावर. आसपासच्या गावांना कुणी काही सांगितले नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये कवी ओल्झास सुलेमेनोव्ह यांनी टीव्हीवर कविता वाचायच्या वेळात कविता बाजूला ठेवून लोकांना चाचण्यांविरुद्ध हाक दिली, आणि 'नेवाडा-सेमिपालातिन्स्क' हे प्रचंड आंदोलन उभे राहिले. सोव्हिएत संघ अजून जिवंत असताना, २९ ऑगस्ट १९९१ ला, नझरबायेव्ह यांनी फतवा काढून ते क्षेत्र बंद केले. तारीख मुद्दाम निवडलेली. आज तो दिवस संयुक्त राष्ट्रसंघ अणुचाचणीविरोधी दिन म्हणून पाळतो. श्रेय कुणाचे, तर आंदोलनाचे आधी आणि सहीचे नंतर. सरकारी पुस्तकांत क्रम उलटा आहे.

संघ मोडल्यावर कझाकस्तानच्या भूमीवर सुमारे १,४०० अण्वस्त्रे उरली, जगात चौथा मोठा साठा. आपल्याकडे अजूनही कुणीतरी म्हणते, "मूर्खपणा केला, ठेवायला हवी होती." चावी मॉस्कोकडे, देखभाल मॉस्कोकडे, आणि खजिन्यात खडखडाट. ठेवून काय करणार होते? नझरबायेव्ह यांनी मात्र लगेच 'देतो' म्हटले नाही. थोडे ताणले, अमेरिका आणि रशिया दोघांकडून सुरक्षेची हमी आणि मदत पदरात पाडून घेतली, आणि एप्रिल १९९५ पर्यंत शेवटचे अस्त्र रशियाला गेले. दरम्यान १९९४ मध्ये उस्त-कामेनोगोर्स्कच्या कारखान्यातून सुमारे ६०० किलो समृद्ध युरेनियम अमेरिकी विमानांतून गुपचूप बाहेर नेले, त्याची बातमी काम झाल्यावरच फुटली.

पोटापाण्याचे काय? ते फार वाईट होते. प्राध्यापकांचे कौतुक कळायला हे वर्ष डोळ्यांसमोर आणा: १९९३. रशियाने एका रात्रीत जुन्या रुबल नोटा रद्द केल्या आणि बाद झालेला कागद शेजारच्या देशांत लोटला जाऊ लागला. कझाकस्तानने ब्रिटनमध्ये नव्या नोटा छापून ठेवल्या होत्या, त्या गुप्तपणे विमानांनी आणल्या आणि १५ नोव्हेंबरला तेंगे हे चलन सुरू झाले. पाचशे रुबलला एक तेंगे. तरी पगार सहा-सहा महिने होत नव्हते. इमारतींत हिवाळ्यात हीटिंग बंद. इंजिनियर बाजारात मोजे विकायला बसले होते. त्याच वर्षी कॅस्पियनकाठच्या तेंगीझ तेलक्षेत्रासाठी अमेरिकेच्या शेव्हरॉनशी करार झाला. तेलाचा पैसा यायला आणखी सात-आठ वर्षे लागली, पण दार उघडले. तेल रशियातून, चीनमधून, कॅस्पियनपलीकडून, जमेल त्या वाटेने बाहेर काढायचे आणि कुणा एकाच्या मुठीत नळ जाऊ द्यायचा नाही, हे धोरण त्यांनी शेवटपर्यंत सोडले नाही.

भारताशीही त्यांनी लवकर संधान बांधले. स्वातंत्र्यानंतर दोनच महिन्यांत, फेब्रुवारी १९९२ मध्ये, ते दिल्लीत होते. २००९ च्या प्रजासत्ताक दिनाला पाहुणे म्हणून आले ते त्यानंतर. पण सर्वांत ठळक भारतीय दुवा तेमिरताउचाच. ज्या कारखान्यात ते घामाने भिजले, तो १९९५ मध्ये सरकारने विकला आणि घेणारे होते लक्ष्मी मित्तल. पाठोपाठ कारागांदाच्या कोळसाखाणी, वीजघर, शहरातली ट्रामसुद्धा त्याच करारांच्या मागे गेली. विकत घेतले तेव्हा भट्ट्या आचके देत होत्या. थकलेले पगार मिळू लागले, म्हणून सुरुवातीला शहराने निश्वास सोडला. राष्ट्राध्यक्ष अधूनमधून येत. हेल्मेट घालून भट्टीच्या मजल्यावर चढले की जुन्या माणसांना नावाने हाक मारत, आणि ती हाक खरी वाटे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त भट्टीवाले त्यांच्याबद्दल बोलताना कधी 'राष्ट्राध्यक्ष' म्हणत नसत, 'आमचा सुलतान' म्हणत. त्यात प्रेम किती आणि टोमणा किती हे मला अखेरपर्यंत ठरवता आले नाही.

इथवर ठीक. वळण आले १९९५ मध्ये. मार्चमध्ये घटना-न्यायालयाने आधीच्या वर्षीची निवडणूक अवैध ठरवली आणि त्या निमित्ताने संसद गेली. एप्रिलमध्ये सार्वमत घेऊन राष्ट्राध्यक्षांची मुदत २००० पर्यंत वाढवली, आणि ऑगस्टमध्ये सगळे अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या हाती देणारी नवी घटना आली. संसद नसलेल्या मधल्या महिन्यांत शंभराहून जास्त आदेश त्यांनी एकट्याच्या सहीने काढले. खासगीकरण, बँका, जमीन, कर, सगळे. अर्थतज्ज्ञ म्हणतात, म्हणूनच सुधारणा झपाट्याने झाल्या. असतील. पण एकदा संसदेशिवाय काम भागते हे कळले की परत तिच्याकडे कोण जातो? 'आधी अर्थकारण, मग राजकारण' हे त्यांचे आवडते वाक्य होते. त्यातला 'मग' कधी आलाच नाही.

पुढचे आकडेच बोलके आहेत. माजी पंतप्रधान अकेझान काझेगेल्दिन यांना १९९९ च्या निवडणुकीत उभेच राहू दिले नाही, ते परदेशी गेले. २००५ मध्ये नझरबायेव्ह यांना ९१ टक्के मते, २०११ मध्ये ९५ टक्क्यांवर, २०१५ मध्ये ९७.७. त्या शेवटच्या वेळी त्यांनी पत्रकारांसमोर जवळजवळ माफीच मागितली, की अतिलोकशाहीवाद्यांना आकडा खटकेल, पण आपण त्यात ढवळाढवळ कशी करणार! २००७ मध्ये दोन मुदतींची मर्यादा फक्त 'पहिल्या राष्ट्राध्यक्षां'साठी उठवली गेली. २०१० मध्ये 'एल्बासी', म्हणजे राष्ट्रनेता, हा दर्जा कायद्याने मिळाला. त्यात खटल्यापासून कायमचे संरक्षण होते आणि कुटुंबाच्या मालमत्तेलाही कवच होते.

राजधानी हलवणे हा त्यांचा सर्वांत धाडसी निर्णय. अल्माटी सुंदर, उबदार, पण दक्षिणेच्या टोकाला आणि भूकंपप्रवण. १९९७ च्या डिसेंबरात ती उत्तरेच्या गवताळ माळावरच्या अक्मोला गावात नेली. हिवाळ्यात उणे चाळीस, उन्हाळ्यात डास. अधिकाऱ्यांनी मनातल्या मनात शिव्या घातल्या. पण रशियन वस्तीच्या उत्तरेत कझाक सत्तेचा खुंटा त्याने कायमचा ठोकला, हे आज कुणीच नाकारत नाही. जपानी वास्तुविशारद किशो कुरोकावा यांचा आराखडा, नॉर्मन फॉस्टर यांचा पिरॅमिड आणि भला मोठा तंबू. मधोमध बायतेरेक हा मनोरा, त्याचा सज्जा ९७ मीटर उंचीवर. त्याच्या वरच्या गोलात नझरबायेव्ह यांच्या तळहाताचा सोनेरी ठसा होता. लोक रांग लावून त्यात हात ठेवत, डोळे मिटून काहीतरी मागत. आणि राजधानीचा वर्धापनदिन कोणता ठरला, तर ६ जुलै. वाढदिवसाला सुट्टी जाहीर करण्याची याहून सभ्य पद्धत मला माहीत नाही.

कुटुंबाबद्दल थोडक्यात. थोरली मुलगी दारिगा राजकारणात आणि प्रसारमाध्यमांत. तिचे पती राखात अलियेव्ह यांच्याशी २००७ मध्ये बिनसले. ते ऑस्ट्रियात राजदूत होते, तिथेच अडकले आणि २०१५ मध्ये व्हिएन्नाच्या तुरुंगात मृत सापडले. दुसरी मुलगी दिनारा आणि जावई तिमूर कुलिबायेव्ह देशातल्या सर्वांत मोठ्या बँकेचे मालक. तेलकरारांच्या निमित्ताने कझाक वरिष्ठांना कोट्यवधी डॉलर पोचवल्याचा आरोप जेम्स गिफेन या अमेरिकी सल्लागारावर न्यूयॉर्कमध्ये ठेवला गेला. खटला सात वर्षे चालून किरकोळ कबुलीवर मिटला. सामान्य माणसाला या खटल्याचे तपशील माहीत नव्हते, पण कुठला मॉल, कुठली बँक, कुठला पेट्रोलपंप 'कुणाचा' आहे हे टॅक्सीवाल्याला तोंडपाठ होते.

दुसरी बाजूही सांगतो. १९९३ मध्ये, पगाराला पैसे नसताना, त्यांनी बोलाशाक ही परदेशी शिक्षणाची शिष्यवृत्ती सुरू केली. दहा हजारांहून जास्त मुले त्यावर शिकून आली. तेलाचा पैसा बाजूला टाकायला राष्ट्रीय निधी २००० मध्ये काढला. रशियाशी मैत्री ठेवून रशियात विरघळले नाहीत. २०१४ मध्ये पुतिन जाहीर सभेत म्हणाले, की कझाकांचे पूर्वी कधी राज्य नव्हतेच, नझरबायेव्ह यांनी ते निर्माण केले. वर वर स्तुती, आत धमकी. उत्तरादाखल नझरबायेव्ह यांनी भांडण केले नाही. पुढच्या वर्षी कझाक खानतीची, म्हणजे कझाकांच्या जुन्या राज्याची, ५५० वर्षे देशभर थाटात साजरी केली. असले उत्तर देणारा माणूस साधा नव्हे.

मग पुतळा का पडला? झानाओझेन हे पश्चिमेकडचे तेलाचे गाव. २०११ मध्ये तिथल्या तेलकामगारांनी पगारासाठी सात महिने संप केला. १६ डिसेंबरला, स्वातंत्र्याच्या विसाव्या वर्धापनदिनी, पोलिसांनी चौकात गोळीबार केला. सरकारी आकड्यानुसारच डझनाहून जास्त मेले. वर तेमिरताउचा १९५९ चा गोळीबार सांगितला होता, तो इथे आठवावा. जो माणूस स्वतः कामगारांतून आला, त्याच्या राज्यात कामगारांवर गोळ्या चालल्या. माझ्या ओळखीच्या भट्टीवाल्यांनी त्या दिवसानंतर त्यांचे नाव घेणे कमी केले. निषेध वगैरे नाही, नुसते कमी केले.

१९ मार्च २०१९ ला त्यांनी टीव्हीवर राजीनामा दिला. मध्य आशियात असे कुणी करत नाही, जग चकित झाले. पण ही निवृत्ती अर्धीच होती. सुरक्षा परिषदेचे अध्यक्षपद आणि सत्ताधारी पक्ष त्यांच्याकडेच राहिला. उत्तराधिकारी म्हणून निवडले कासिम-जोमार्त तोकायेव्ह यांना, मुरलेले राजनैतिक अधिकारी, स्वतःचा गट नसलेले. दुसऱ्याच दिवशी दारिगा सिनेटच्या अध्यक्ष झाल्या आणि राजधानी अस्तानाचे (अक्मोलाचेच हे नंतरचे नाव) नाव नझरबायेव्ह यांच्या नावावरून नुर-सुल्तान करायचे संसदेने ठरवले. दोन खुर्च्या, दोन दरबार. अधिकाऱ्यांना कळेना फाइल आधी कुणाकडे न्यायची. कारखान्यातला सेक्रेटरी बढतीवर गेला तरी जुन्या खात्यात फोन करून सूचना देत राहतो, तेच इथे देशाच्या पातळीवर चालले.

जानेवारी २०२२ च्या सुरुवातीला गाडीच्या गॅसचा दर लिटरला साठवरून एकशेवीस तेंगे झाला आणि २ तारखेला लोक रस्त्यावर आले, पुन्हा झानाओझेनलाच. तीन दिवसांत आग देशभर. गॅसचा दर बाजूला पडला आणि घोषणा उठली, "शाल, केत!" म्हाताऱ्या, चालता हो! तालदिकोर्गान शहरात दोर लावून पुतळा ओढून पाडला तो ५ जानेवारीला. अल्माटीत महापालिका जळाली. तोकायेव्ह यांनी त्याच दिवशी सुरक्षा परिषद स्वतःकडे घेतली, रशियाच्या नेतृत्वाखालचे सैन्य बोलावले आणि पुढे विनाइशारा गोळी घालण्याचा आदेश दिला. २३८ माणसे मेली, सरकारी आकडा. गुप्तचर प्रमुख करीम मासिमोव्ह, नझरबायेव्ह यांचे अत्यंत विश्वासू, राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडले गेले आणि पुढे त्यांना अठरा वर्षांची शिक्षा झाली. आंदोलन कुठे संपले आणि दोन दरबारांची मारामारी कुठे सुरू झाली, हे तिथे अजून मोकळेपणाने बोलले जात नाही. १८ जानेवारीला नझरबायेव्ह व्हिडिओवर आले. म्हणाले, मी २०१९ पासून निवृत्त आहे, राजधानीत विश्रांती घेतो आहे, वरच्या वर्तुळात काही भांडण नाही.

त्यानंतर सगळे भराभर उतरत गेले. पुतण्या कैरात सातिबाल्दी यांना अपहाराबद्दल सहा वर्षांची शिक्षा झाली. जून २०२२ च्या सार्वमताने घटनेतून राष्ट्रनेत्याचा दर्जा काढला आणि राष्ट्राध्यक्षाच्या जवळच्या नातेवाइकांना मोठ्या सरकारी पदांची बंदी घातली. सप्टेंबरात राजधानी पुन्हा अस्ताना झाली. १ डिसेंबरची 'पहिल्या राष्ट्राध्यक्षाचा दिवस' ही सुट्टी रद्द झाली. राष्ट्राध्यक्षाला आता सात वर्षांची एकच मुदत.

कारखान्याचेही तसेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये कारागांदाच्या कोस्तेन्को खाणीत स्फोट होऊन ४६ खाणकामगार गेले आणि सरकारने मित्तल यांच्या कंपनीशी संबंध संपवले. आता मालक स्थानिक आहेत.

ताईंच्या मुलीला एवढेच सांगा की तिथे हा विषय निघालाच तर वय बघून बोलावे. पन्नाशीपुढचा माणूस १९९३ ची थंडी आठवून बोलतो आणि विशीतली मुलगी जानेवारी २०२२ मधला इंटरनेट बंदचा आठवडा आठवून. आणि तिकीट काढताना गोंधळू नका. शहराचे नाव परत अस्ताना झाले तरी विमानतळाचा कोड एन-क्यू-झेड असाच आहे. तो २०२० मध्ये नुर-सुल्तान नावासाठी बदलून घेतला होता, तो काही परत बदललेला नाही.